‘कॉर्पोरेशन’ या शब्दातले शरीर मराठीत कुठे गेले?

कापूसपेरा (धरणगाव तालुका)

सर्वांना नमस्कार. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी माझ्या हाती तीन कागद आले आणि तेव्हापासून एक शंका मनातून जात नाही. सकाळी जिनिंगवरच्या खरेदी केंद्रावर कापूस मोजून दिला. तिथल्या पावतीवर ‘कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ असे होते आणि हिंदीत ‘भारतीय कपास निगम’. दुपारी एसटीने जळगावला गेलो, तिकिटावर ‘महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ’. मुलाच्या घराची घरपट्टी भरायला महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत गेलो, तर ती पावती ‘जळगाव शहर महानगरपालिके’ची. इंग्रजीत हे तिन्ही ‘कॉर्पोरेशन’च आहेत.

एक कापूस विकत घेते, दुसरे गाड्या चालवते, तिसरे गटारी आणि दिवाबत्ती पाहते. मग या तिघांत समान असे काय आहे, की इंग्रजीला एकच शब्द पुरला आणि आपल्याला तीन लागले? आजवर मी ‘मोठे सरकारी कार्यालय’ एवढाच अर्थ धरून चाललो होतो. पण खासगी कारखान्यांच्या नावातही हा शब्द दिसतो, त्यामुळे माझा अर्थ टिकत नाही. जाणकारांनी शब्दाच्या मुळापासून सांगावे.

अंजनीकाठ (एरंडोल)

दादा, माझ्या समजुतीप्रमाणे ‘को’ म्हणजे सोबत आणि ‘ऑपरेशन’ म्हणजे काम. सोबत मिळून काम करणारे ते कॉर्पोरेशन. सहकारी सोसायटीला ‘को-ऑपरेटिव्ह’ म्हणतात, त्याचे मूळही हेच असावे. चूक असल्यास दुरुस्त करावे.

विधिवाचक (धुळे)

अंजनीकाठ यांची समजूत अनेकांची असते, कारण दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात. परंतु ती दोन वेगळी कुळे आहेत. ‘को-ऑपरेशन’मध्ये लॅटिन ‘ओपुस’ म्हणजे काम आहे आणि त्यापूर्वी सोबतीचा ‘को’ आहे. ‘कॉर्पोरेशन’मध्ये सोबतीचा ‘को’ मुळीच नाही. तिथे अखंड शब्द ‘कॉर्पुस’ आहे आणि त्याचा अर्थ शरीर. त्यावरून ‘कॉर्पोरारे’ म्हणजे शरीर देणे, शरीरात आणणे, आणि त्यावरून ‘कॉर्पोरातिओ’. न्यायालयातल्या ‘हेबियस कॉर्पस’ अर्जात हेच शरीर आहे: कैद्याला देहाने न्यायाधीशासमोर हजर करा, असा त्या आदेशाचा शब्दार्थ. इंग्रजीत प्रेताला जो शब्द आहे तोही याच घरातला. म्हणजे कॉर्पोरेशनचा मूळ अर्थ ‘अनेक माणसांना मिळून दिलेले एक शरीर’ असा होतो, आणि कापूसपेरा यांना हवे असलेले समान सूत्र तेच आहे. काम कोणतेही असो, आकार कितीही असो, कायद्याने त्या समूहाला स्वतःचे असे एक अंग दिलेले असते.

हे अंग मिळाल्याने काय होते, ते रोमन कायद्याने फार लवकर ओळखले. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली जो विधिसंग्रह सिद्ध करविला, त्यात उल्पियन या विधिज्ञाचे एक वचन आहे. त्याचा आशय असा, की समूहाचे येणे हे एकेकट्याचे येणे नव्हे आणि समूहाचे देणे हे एकेकट्याचे देणे नव्हे. तेराव्या शतकात पोप चौथे इनोसंट यांनी अशा समूहाला ‘कल्पित व्यक्ती’ मानण्याचा विचार मांडला. पुढे १६१२ साली इंग्लंडमध्ये सटन यांच्या धर्मादाय रुग्णालयाच्या खटल्यात न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी कॉर्पोरेशनचे वर्णन करताना म्हटले, की ते अदृश्य आहे, अमर आहे, केवळ कायद्याच्या विचारात वसते. त्याला आत्मा नाही, म्हणून त्याला धर्मबहिष्कृत करता येत नाही. भारतात मद्रासला १६८७ च्या सनदेने कॉर्पोरेशन मिळाले आणि १६८८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. मुंबई त्यानंतर पुष्कळ उशिरा आली.

आता तुमचे तीन कागद. या तिघांचा जन्म तीन वेगळ्या दारांनी झाला आहे. कापूस निगम ही १९७० साली कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी आहे. एसटी महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या आधारावर उभे आहे. जळगाव महानगरपालिका १९४९ च्या महापालिका अधिनियमाखाली २००३ साली, मार्चमध्ये, अस्तित्वात आली. आमची धुळ्याची त्याच वर्षी जूनअखेर. दारे तीन असली तरी आत गेल्यावर मिळणारी वस्तू एकच: स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करणे, करार करणे, फिर्याद लावणे आणि स्वतःवर फिर्याद ओढवून घेणे, सदस्य बदलले किंवा वारले तरी न खुंटणारी अखंड परंपरा, आणि सामाईक शिक्का. शरीर म्हटले की सही करायला हात हवा, आणि या शरीराचा हात म्हणजे तो शिक्का. (कंपन्यांसाठी शिक्क्याची सक्ती २०१५ च्या दुरुस्तीने उठली, हे जाता जाता नोंदवतो.)

याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण जळगावचेच आहे. नगरपालिका असताना तिने हुडको या घरबांधणी व नगरविकासासाठी कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचे कर्ज घेतले. पुढे ती नगरपालिका उरली नाही, तिच्या जागी महानगरपालिका आली आणि कर्ज फेडण्याचा भार तिच्यावर आला. ठरावाला हात वर करणाऱ्या सदस्यांच्या घरावर ते कर्ज गेले नाही आणि नवे शरीर आले म्हणून ते बुडालेही नाही. उल्पियनचे वचन आपल्या घरपट्टीच्या पावतीपर्यंत असे पोहोचले आहे. हुडको या नावातला शेवटचा ‘को’सुद्धा कॉर्पोरेशनचाच.

कापूसपेरा (धरणगाव तालुका)

विधिवाचक सर, फार आभार. एक उपप्रश्न राहतो. जळगाव महापालिकेची मुदत २०२३ मध्ये संपली, त्यानंतर पुष्कळ काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. ज्या शरीराला अवयवच उरले नाहीत, ते शरीर त्या काळात होते की नव्हते?

विधिवाचक (धुळे)

होते. नगरसेवक हे त्या शरीराचे अवयव म्हणण्यापेक्षा त्याच्या वतीने बोलणारे मुख म्हणावेत. त्या काळातही कर महापालिकेच्या नावाने वसूल झाले, खटले तिच्याच नावाने चालले. कायद्यापुरते उत्तर एवढे सरळ आहे.

मात्र तुमच्या प्रश्नात दुसरे एक दुःख दडलेले आहे आणि ते मला खरे वाटते. इंग्लंडच्या जुन्या शहरांत कॉर्पोरेशनचे पूर्ण नाव ‘महापौर, आल्डरमन (म्हणजे ज्येष्ठ नगरसदस्य) आणि नगरवासी’ असे असे. १८३५ च्या कायद्यानेही ते नाव राखले. तिथे कर भरणारा नगरवासी हा त्या शरीराचाच अंश होता. आपल्याकडे नागरिक मतदार आहे, करदाता आहे. त्याला शरीराचा भाग म्हणून नावात स्थान नाही. म्हणूनच लोक ‘पालिकेने रस्ता केला नाही’ असे एखाद्या परक्याविषयी बोलावे तसे बोलतात.

पाटणादेवी पायथा (चाळीसगाव)

मी संस्कृतचा अध्यापक आहे, म्हणून शब्दाच्या बाजूने थोडे विस्ताराने लिहितो. लॅटिन ‘कॉर्पुस’ आणि वेदांतला ‘कृप्’ हा शब्द एकाच मुळाचे असावेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘कृप्’ म्हणजे रूप, आकृती, देहाची शोभा. दयेच्या अर्थाच्या ‘कृपा’शी त्याची गल्लत करू नये. पण हा दूरचा नातेवाईक झाला. जवळचा नातेवाईक अर्थाचा आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले. ठेवले कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन समूहांकडे. एकाकडे २००० शेकडा एक दराने, दुसऱ्याकडे १००० शेकडा पाऊण दराने. लेख पुढे सांगतो, की हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, केवळ त्यांची वाढ भोगायची. अशा ठेवीला तिथे ‘अक्षयनीवी’ म्हटले आहे. आज आपल्या संस्था ज्याला ‘कॉर्पस फंड’ म्हणतात, मुद्दलाला हात न लावता व्याजावर चालणारा निधी, तो हाच. आणि त्या इंग्रजी नावातही ते लॅटिन शरीर बसलेले आहे.

आता शब्द पाहा. त्या समूहांना लेखात ‘श्रेणी’ म्हटले आहे, त्यांतल्या प्रत्येकाला ‘कोलिकनिकाय’ म्हटले आहे, आणि हा सारा व्यवहार ‘निगमसभे’त ऐकवून नोंदविला गेला असे सांगितले आहे. श्रेणी, निकाय, निगम हे तिन्ही शब्द सुमारे १९०० वर्षांपूर्वी, आपल्या शेजारच्या डोंगरात, एकाच व्यवहारात कोरले गेले. ठेवणाऱ्याला ठाऊक होते की आज पैसे घेणारे विणकर उद्या मरतील. त्याने पैसे विणकरांना दिले नाहीत, विणकरांच्या निकायाला दिले. घेणारा भिक्षुसंघही ‘या लेण्यात जे राहतील त्यांचा’ असा, म्हणजे अजून जन्माला न आलेल्यांना धरून सांगितलेला आहे. विधिवाचक ज्याला अखंड परंपरा म्हणतात, ती दोन्ही बाजूंना उभी आहे.

‘निकाय’ या शब्दावर मी मुद्दाम थांबतो. पाणिनीच्या अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ४१ आणि ४२ ही दोन सूत्रे लागून आहेत. पहिल्याने ‘चि’ (रचणे, गोळा करणे) या धातूपासून ‘काय’ म्हणजे शरीर हा शब्द साधतो. दुसऱ्याने त्याच धातूपासून समूहाच्या अर्थाने ‘निकाय’ साधतो, पण पाणिनी एक अट घालतो: ‘अनौत्तराधर्ये’, म्हणजे ज्या समूहात वर-खाली असा थर नाही, त्यालाच हे रूप लागू. म्हणून पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या जुन्या टीकेत ‘भिक्षुकनिकाय’ हे उदाहरण येते आणि एकमेकांवर लोळणाऱ्या डुकरांच्या ढिगाला मात्र ‘सूकरनिचय’ म्हटले जाते, निकाय नव्हे. शरीर आणि संस्था यांचे जे नाते लॅटिनने एका शब्दात बांधले, ते पाणिनीने दोन लागोपाठच्या सूत्रांत बांधले, आणि वर समतेची अटही जोडली. ही सूत्रे वर्गात शिकवताना मला दर वर्षी तितकाच आनंद होतो.

दूर कशाला जावे? आमच्या पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. त्याच्या शेवटच्या भागात जुन्या मराठीत बाजारातल्या करांचे उत्पन्न नोंदले आहे आणि ते ‘मढा दीन्हला’, म्हणजे मठाला दिले. चांगदेवाला दिले, असे तिथे म्हटलेले नाही. खान्देशच्या मातीतल्या मराठीला तेव्हाही हा भेद बरोबर कळत होता.

अंजनीकाठ (एरंडोल)

माझी चूक दुरुस्त झाली याचा आनंद आहे. मग मराठीने ‘निकाय’ का सोडला आणि ‘महामंडळ’ का धरले?

सातपुडा सावली (चोपडा)

या प्रश्नावर माझे मत मांडतो. मराठीने आकाराकडे पाहिले. ‘मंडळ’ म्हणजे बोर्ड हे आधीपासून रुळलेले होते, बोर्डापेक्षा मोठे ते महामंडळ झाले. नगरपालिकेपेक्षा मोठी ती महानगरपालिका. दोन्ही ठिकाणी ‘महा’ दर्जा सांगतो, देह सांगत नाही. त्यामुळे गोंधळही होतो. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ हे १९६१ पासूनचे, पण तिथे महामंडळ म्हणजे अनेक साहित्यसंस्थांची मिळून झालेली शिखर संस्था. एसटीच्या महामंडळाशी त्याचे नावापुरतेच साम्य आहे.

कायद्याने पाहिले तर ‘महा’ची गरजच नाही. आमच्याकडच्या नगरपरिषदा, नंदुरबारची नगरपरिषद, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखालची सातपुड्यातल्या लहानात लहान पाड्याची ग्रामपंचायत, या सर्व इंग्रजीत ‘बॉडी कॉर्पोरेट’च आहेत. ‘महा’ने मोठेपणा आला आणि लहान गावाला वाटू लागले की कॉर्पोरेशन ही शहराची वस्तू आहे. मला ही हानी वाटते.

गिरणा डावा कालवा (भडगाव)

सातपुडा सावली यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. शब्दाने मूळ अर्थाचे चित्र जपलेच पाहिजे असे नाही. ‘पालिका’ या शब्दात पालन करणारी असा अर्थ आहे, म्हणजे तो संस्थेचे कर्तव्य सांगतो. इंग्रजी ‘म्युनिसिपल’मध्येही लॅटिन ‘मुनुस’ म्हणजे कर्तव्यभार आहेच. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’सारखे शब्द रुळले आणि त्यांनी मराठीला स्वतःच्या पायावर उभे केले. शरीराची कल्पना वकिलांना लागते. नागरिकाला पालन हवे असते.

पाटणादेवी पायथा (चाळीसगाव)

गिरणा डावा कालवा यांचा मुद्दा मान्य करण्याजोगा आहे. ‘पालिका’ हा सुंदर शब्द आहे आणि तो बदलावा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की कर्तव्य सांगणारा शब्द मिळाला तरी देह सांगणारा शब्द हाताशी असावा. ‘निगम’ हा आज मराठी माणसाला हिंदी वाटतो, आणि कीर्तनात ‘आगम-निगम’ ऐकले की वेद वाटतो. व्यापाऱ्यांचे गाव हा त्याचा जुना अर्थ हरवला. ‘निकाय’ मात्र कायद्याच्या मराठीत ‘बॉडी कॉर्पोरेट’साठीच्या ‘निगम निकाय’ या जोडीत अजून जिवंत आहे. तो केवळ सरकारी मसुद्यात राहिला, बोलण्यात आला नाही.

प्रताप मिलचा भोंगा (अमळनेर)

शरीर अमर असते म्हणजे काय, हे अमळनेरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी आमच्या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली. वनस्पती तूप काढायचे, हे तिचे काम. संस्थापक एम. एच. प्रेमजी १९६६ मध्ये वारले, त्यांचे २१ वर्षांचे चिरंजीव शिक्षण सोडून परतले, नाव बदलून विप्रो झाले, तुपाचे काम मागे पडून संगणकाचे पुढे आले, मुख्य कार्यालय बंगळुरूला गेले. मालक बदलला, नाव बदलले, काम बदलले, गाव बदलले, तरी कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती तीच. ज्या अमळनेरकर कुटुंबांनी जुने शेअर जपून ठेवले, त्यांच्याकडचा कागद तुपाच्या कंपनीचा असूनही तो आज चालतो, याचे कारण हेच सातत्य आहे.

‘कंपनी’ या शब्दाचे मूळही सांगण्यासारखे आहे. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकरी, आणि एकत्र भाकरी खाणारे ते कंपनी. ‘पानिस’वरून पोर्तुगीजांत ‘पाव’ झाला आणि तो आपल्याकडे आला. म्हणजे कंपनीत सोबत आहे आणि कॉर्पोरेशनमध्ये देह आहे. भाकर खाऊन माणसे उठून गेली की पंगत संपते, देह मात्र मागे राहतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने ज्या व्यापाऱ्यांना सनद दिली, त्यांना ‘एक देह’ असेच त्या सनदेने केले. १८१८ मध्ये खान्देश त्या देहाच्या हाती गेला, कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्यास ठाणे केले, आणि १८५८ पर्यंत आपले पूर्वज एका कॉर्पोरेशनचा शेतसारा भरत होते. तिला आत्मा नाही असे कोक यांनी म्हटले होते. चाळीस वर्षे खान्देशने ते अनुभवले.

पांझराकाठची (साक्री तालुका)

मी सारे वाचते आहे. मला कायदा कळत नाही, पण हा विषय माझ्या घरात घडला आहे, म्हणून लिहिते.

आमच्या गावात लग्नकार्यासाठी सामाईक भांडी आहेत. मोठी पातेली, कढया, पराती, झारे. भाडे नावापुरते असते आणि त्यातून कल्हई व नवी भांडी होतात. माझ्या सासूबाई लहान मुलांना त्यातली पळीसुद्धा घरात आणू देत नसत. “हाई गावनं शे,” एवढेच म्हणत, आणि मूल पळी जागेवर ठेवून येई. साठलेले पैसे सासऱ्यांसह तीन वडीलधाऱ्यांच्या नावे बँकेत होते. दोघे वारले, तिसरे अंथरुणाला खिळले. बँकेने वारसांच्या सह्या मागितल्या. एका घरचे नातू सुरतेला, दुसऱ्या घरी वाटणीचा वाद. कोणाच्याही मनात पाप नव्हते, तरी गावाचे पैसे दोन वर्षे अडकले आणि त्या दोन्ही लग्नसराईंत फुटक्या पातेल्यांवर भागवावे लागले. बँकेचा दोष म्हणावा, तर तिने नियमच पाळला. मग चुकले कुठे?

विधिवाचक (धुळे)

ताई, चूक कोणाच्या मनात नव्हती. सासूबाईंच्या वाक्यात जे ‘गाव’ होते, ते कायद्याच्या कागदावर नव्हते. पासबुकावर तीन माणसे होती आणि कायद्याला तीनच माणसे दिसली. माणसे मरतात, त्यांना वारस असतात. निकायाला वारस लागत नाही, कारण तो मरत नाही.

उपाय आहेत. सर्वांत प्रचलित म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यास म्हणून नोंद. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवा. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था पूर्ण अर्थाने कॉर्पोरेशन होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या खटल्यात सांगितले आहे. तिची मालमत्ता व्यवस्थापक मंडळाकडे निहित असते. तरीही कामापुरते संरक्षण मिळते, कारण मंडळातली माणसे बदलली तरी मालमत्ता त्यांच्या वारसांकडे न जाता नव्या मंडळाकडे जाते. याउलट आपली विकास सोसायटी, दूध सोसायटी, सूतगिरणी या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने नोंदणीच्या क्षणी पूर्ण देह धारण करतात. अंजनीकाठ यांनी सुरुवातीला जी दोन कुळे एक मानली होती, ती व्युत्पत्तीत वेगळी असली तरी कायद्यात इथे येऊन मिळतात. त्यांच्या चुकीतही एवढे सत्य होते.

पाटणादेवी पायथा (चाळीसगाव)

पांझराकाठची ताई, एक विचारतो. भांड्यांवर काय कोरले आहे? खान्देशात अशा भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. सामाईक शिक्का म्हणतात तो कदाचित तुमच्या परातीवरच असेल.

पांझराकाठची (साक्री तालुका)

सर, आज भांड्यांची खोली उघडून पाहिली. अलीकडच्या पातेल्यांवर देणाऱ्यांची नावे आहेत, ‘यांचे स्मरणार्थ’ वगैरे. सर्वांत जुन्या दोन तांब्याच्या पातेल्यांवर कोणत्याही माणसाचे नाव नाही. ‘समस्त पंच’ आणि त्यापुढे गावाचे नाव, एवढेच आहे. अक्षरे झिजली आहेत, बोट फिरवले की लागतात.

परवा मंदिरात बैठक झाली. नोंदणीचा अर्ज भरायला घेतला तेव्हा तरुण मुलांनी ‘विकास प्रतिष्ठान’, ‘सेवा फाउंडेशन’ अशी नावे सुचवली. मी पातेले तिथेच आणून ठेवले होते. संस्थेच्या नावाच्या रकान्यात त्याच्यावरचेच शब्द लिहिले आहेत.